उभ्यानं घेतलेली चव

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा माझी माझ्या जावयाशी खरी ओळख झाली. पोरीच्या लग्नाला तोवर सोळा वर्षं होऊन गेली होती, पण सासऱ्याची आणि जावयाची ओळख पाटावर बसवून पाय धुण्यापुरतीच असते. माणूस कळायला त्याच्या घरात राहावं लागतं. राहून जे पाहिलं त्यावरून सांगतो. घरचा स्वयंपाक, गाड्याचा स्वयंपाक आणि कराटेचे सामने ही तिन्ही कामं एकाच दिवशी, एकाच अंगावर, एकाच पंच्यात करणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला जावई म्हणून आला. दुसरा कोणी असेल तर मला दाखवावा. मी हट्टी आहे असं लोक म्हणतात, पण डोळ्यांनी दिसलं की मी मानतो. तेव्हा मात्र एका डोळ्यानं दिसतच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मी अल्लीपूरचा. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण पंगतीचा आचारी म्हणून माझं नाव चार तालुक्यांत होतं. पाचशे पानांचं वरण मी डोळे मिटून करत असे. मीठ टाकताना हात थरथरला असं कोणी कधी पाहिलं नाही. बायको गेल्यावर कळलं की एका पानाचं वरण आपल्याला येत नाही. किती कमी केलं तरी ते अकरा माणसांचं व्हायचं. मग मी तेच तीन दिवस खायचो आणि चौथ्या दिवशी गाईला घालायचो. शेवटी शेवटी गाईसुद्धा मला पाहून तोंड फिरवत असे. त्यात मोतीबिंदू झाला. पोरगी दवाखान्यात नर्स आहे, नालवाडीला राहते. ती आली आणि म्हणाली, "बाबा, चला. पंधरा दिवसांचं काम आहे." मी निघालो, पण माझी शेगडी, माझा कणकेचा डबा, तांदळाची थैली आणि बापाचा पितळी तांब्या असं सगळं सोबत घेऊन निघालो. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत.

हे नव्या लोकांना समजत नाही म्हणून सांगतो. माझा बाप माझ्या बहिणीकडे नाचणगावला जायचा तेव्हा याच तांब्यात घरचं पाणी भरून, वर फडकं बांधून न्यायचा. पाणी संपलं की उठायचा. बहीण रडो, भावजी हात धरो, त्याचा मुक्काम तांब्याएवढाच. लेकीला मूल झालं की ही बंदी उठते असं पुष्कळ जण मानतात. माझ्या पोरीला मूल झालं नाही, म्हणून बंदीही उठली नाही. मी तिच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली शेगडी मांडली, गल्लीच्या टोकाच्या सरकारी हापशावरून तांब्या भरून आणला आणि पहिल्याच संध्याकाळी अकरा माणसांची खिचडी केली. पोरीनं आतून ताट वाढून आणलं होतं. मी म्हणालो, "ने परत." ती घेऊन गेली. असं रोज चाललं. ती रोज ताट आणायची, मी रोज परत पाठवायचो. दोघांनाही आपण बरोबर करतो आहोत असंच वाटायचं. निदान मला तरी.

आता जावई. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. अंगानं आटोपशीर, मिशी बारीक, आणि चेहरा असा की याला रागावता येतं हे आईलासुद्धा पटणार नाही. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये होता, ते बंद पडल्यावर त्यानं घरापुढं टिनाचं छप्पर टाकून संध्याकाळचा गाडा सुरू केला. लांब पोळी आणि बेसनाच्या पाटोडीचा रस्सा. लांब पोळी आमच्याकडे बायाच करतात. सैल भिजवलेली कणीक परातीत आपटून आपटून रबरासारखी करायची, गोळा उचलून या हातावरून त्या हातावर कोपरापर्यंत झुलवत लांबवायचा आणि चुलीवर उपडं घातलेल्या मडक्यावर पसरायचा. पुरुषानं हे काम केलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मी पुष्कळ चुली पाहिल्या आहेत. हा तर ते घोड्यावर बसल्यासारखी बैठक मारून करायचा. गुडघे वाकलेले, पाठ ताठ, नजर समोर आणि तोंडानं "इची, नी, सान, शी" असं काहीतरी. मला आधी वाटलं हा अन्नपूर्णेचा मंत्र म्हणतो. आठ दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "जपानी गिनती आहे मामाजी. चाळीस वेळा आपटली का कणीक बी होते अन् सराव बी होते."

पोळी मडक्यावरून सोडवताना तो ओरडायचा. साधंसुधं नाही, पोटातून. कराटेत तसं ओरडावं लागतं म्हणे, नाहीतर ठोसा अर्धाच धरतात. जुन्या गिऱ्हाइकांना सवय होती. नव्यांची मात्र पंचाईत व्हायची. एकदा पुलगावकडचे एक गुरुजी सहकुटुंब आले होते. जावयाच्या पहिल्या ओरडण्याला त्यांच्या हातातली रश्श्याची वाटी त्यांच्याच मांडीवर गेली, आणि मग गुरुजीही पोटातून ओरडले. जावयानं त्यांना कमरेतून वाकून नमस्कार केला, नवीन वाटी दिली आणि म्हणाला, "तुमचा आवाज चांगला आहे सर. क्लासले येजा."

वाकण्याची त्याची सवय तर फार वाईट. चूल पेटवण्याआधी चुलीपुढे वाकायचा, गिऱ्हाईक आलं की वाकायचा, गिऱ्हाईक गेलं की त्याच्या पाठीपुढे वाकायचा. मला पाहिलं की दोन्ही हात मांड्यांना लावून काटकोनात वाकायचा. आमच्या रीतीनं सासऱ्यानं जावयाच्या पाया पडायचं असतं. म्हणून तो वाकला की मी त्याच्याहून खाली वाकायचो. मी खाली गेलो की तो आणखी खाली. पहिल्या आठवड्यात अंगणात आमची टाळकी एकमेकांवर अशी आपटली की माझ्या डोळ्याची पट्टी सुटली. पोरगी दारातून म्हणाली, "दोघंबी उठा आता. काऊन पोरायसारखे करून राह्यले?"

कराटे त्यानं एकोणचाळिसाव्या वर्षी सुरू केलं होतं. कुठल्याशा शाळेच्या मैदानावर पोरांचा क्लास चालतो, तिथं तो पाटोड्यांचं पार्सल द्यायला गेला आणि पाहत उभा राहिला. शिकवणारी पंचविशीतली पोरगी म्हणाली, "काका, उभे कायले, आत या." तो आत गेला तो आजपर्यंत बाहेर आला नाही. दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत हा शेवटी उभा राहायचा, कारण रांग उंचीची. त्या पोरीला तो गुरू मानायचा आणि तिच्यापुढे असा वाकायचा की तीच ओशाळायची. पट्ट्यांच्या परीक्षा असतात. आधी पांढरा, मग पिवळा. याचा पांढरा पट्टा हळदीनं परीक्षेआधीच पिवळा झाला होता. परीक्षकानं विचारलं, "हा कोणी दिला?" तर म्हणाला, "पाटोडीनं."

सामन्याच्या दिवशीही घरचा स्वयंपाक टाकून जाणं त्याला माहीत नाही. पोरीची ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची, म्हणून घरचं चूलखंड त्याच्याकडेच. गाड्याचा रस्सा असा की खाणाऱ्याच्या कानातून वाफ निघावी, आणि घरी मात्र दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, अगदी बाळंतिणीला चालेल असं. मी एकदा म्हणालो, "आचाऱ्याच्या घरी एवढं फिकं?" तर म्हणाला, "तिखट विकाले आहे मामाजी. घरी थकून आलेल्या माणसाले तिखट कायले देवाव?" एकदा हिंगणघाटच्या सामन्याला निघताना त्यानं घाईत पिशव्या बदलल्या. कणीक तो ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, आणि कराटेचा पोशाखही पांढरा. तिथं पिशवी उघडली तर आत पाच किलो कणीक. इकडे पोरीनं परात ओढली तर त्यात घडी घातलेला पोशाख. त्यानं एका बारा वर्षांच्या पोराचा पोशाख मागून अंगात घातला, तो गुडघ्यापर्यंतच आला, आणि तसाच सामना खेळला. हरला. पण तिथल्या चहावाल्याच्या चुलीवर एक मडकं उपडं घालून त्यानं सगळ्या पोरांना पोळ्या करून घातल्या. ती पोरं अजून त्याचं नाव काढतात. जिंकलेल्याचं कोणाला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एक डोळा झाला, डॉक्टर म्हणाले दुसरा सहा महिन्यांनी. पंधरा दिवसांचे महिने होत चालले. माझी खिचडी काही अकरा माणसांच्या खाली येईना. माझं अंग झडलं. धोतर कमरेवर राहीना. पोरगी ताट आणायची, मी परत पाठवायचो. मला अल्लीपूरला जाऊ देत नव्हती आणि मी तिचं खात नव्हतो, अशी गाठ बसली होती. जावई यात कधी एक शब्द बोलला नाही. फक्त एक दिवस संध्याकाळी तो रश्श्यात बुडवलेला चमचा घेऊन पेरूच्या झाडाखाली आला. वाकला. मीही वाकलो. मग म्हणाला, "मामाजी, एक अडचण आहे. माह्या सामन्याचा गट साठ किलोच्या आतला आहे. वजन वाढलं का वरच्या गटात टाकतात, अन् तिथं रेड्यावानी माणसं असतात. मले आता तोंडात काई घालता येत नाई. चवीपुरतं बी नाई. अन् न चाखता रस्सा इकला त गाडा बुडन. तुमी एवढे मोठे आचारी. जराशी चव पाहजा."

मी विचार केला. चव पाहणं म्हणजे जेवण नव्हे. चव पाहणं हे काम आहे. आयुष्यभर मी लोकांच्या मांडवात चव पाहिली, पण त्यांच्या घरी जेवलो असं काही त्याला कोणी म्हटलं नाही. मी उठून उभा राहिलो, कारण काम उभ्यानं करायचं असतं आणि जेवण बसून. उभ्यानं तो चमचा तोंडात घातला. रस्सा चांगला होता, पण खसखस जास्त होती. "खसखस कमी करा," मी म्हणालो. "मिठाले हात लावू नका." तो वाकून गेला. पाच मिनिटांत परत आला. या वेळी हातात वाटी. "चमच्यात नुसता तवंग येते मामाजी. बुडाचं समजत नाई." वाटीही मी उभ्यानं पाहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पोळीसंगं कसा लागते ते बी पाहा लागन. लोक का नुसता रस्सा पेतात?" ते मला पटलं. तिसऱ्या दिवशी भातासोबत. आठवडाभरात दोडका, वरण, चटणी सगळ्यांची चव पाहणं माझ्याकडे आलं. म्हणाला, घरच्या स्वयंपाकाचंही तसंच आहे, आपल्याला चाखता येत नाही आणि बायको दमून येते, तिच्या पानात अळणी पडायला नको.

अशी मी अकरा महिने चव पाहिली. सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेळा. कधीही बसलो नाही. पाटोडी-रस्सा, तीन लांब पोळ्या, वर भात, एवढ्याची चव चुलीच्या कडेला उभं राहून पाहायची आणि "वरण जरा पातळ झालं" म्हणून वाटी खाली ठेवायची. जावई एकदा स्टूल घेऊन आला, मी पायानं सरकवलं. पाणी मात्र मी माझ्या तांब्यातलंच प्यायचो. रस्सा तिखट, त्यामुळे हापशाला माझ्या चार-चार फेऱ्या व्हायच्या, पण नियम तो नियम. धोतर पुन्हा कमरेवर बसलं. पोरगी आता ताट आणत नव्हती. मला वाटलं, समजली एकदाची.

जावई स्वतः काय खातो हे मी कधी पाहिलं नाही. विचारलं की म्हणायचा, "सकाळी वाटीभर मूग." तरी त्याचे गाल होते तसेच. मला नवल वाटायचं, पण हवा खाऊनही अंग धरणारे लोक असतात. अल्लीपूरला पेरणीच्या वेळी दोन दिवस गेलो होतो, तेव्हा पारावर सांगितलं की माझा जावई वर्षभर मुगावर राहतो आणि साठ किलोची माणसं उचलून फेकतो. माझ्या सांगण्यात त्यानं नागपूरचा एक पोलीसही आडवा केला होता. तो कुठून आला मला माहीत नाही, बोलता बोलता आला.

थंडीत वर्ध्यालाच सामने होते. चाळिशीच्या वरच्यांचा वेगळा गट. पाच वर्षांत त्याला एकही पदक मिळालं नव्हतं, आणि त्याला ते हवं होतं. तोंडानं म्हणत नसे, पण गाड्यामागच्या भिंतीत त्यानं एक खिळा ठोकून रिकामा ठेवला होता. त्या दिवशी पोरीची ड्यूटी होती. माझे दोन्ही डोळे झाले होते. मी ठरवलं, आपण जायचं. वजन झालं की खेळाडूला खाता येतं, एवढं मला त्याच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. अकरा महिने माणूस उपाशी. मी पहाटेच शेगडी पेटवली आणि तुपातला शिरा केला. एका माणसाचा करायला घेतला होता. पितळी डबा भरून वर रुमालातही बांधावा लागला.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे पांढरे कपडे, जणू सगळं गाव हळदीच्या आधी उभं आहे. मी आधी वजनकाटा शोधला. तो एका कोपऱ्यात होता, पण तिथं सगळी पोरं. जावई कुठं दिसेना. त्याच्या क्लासची ती शिकवणारी पोरगी दिसली. मी विचारलं, "बाई, आमच्या जवायाचं वजन झालं का? मी खायचं आणलं आहे."

"कशाचं वजन, आजोबा?"

"साठ किलोच्या आतलं."

ती मग म्हणाली, "आजोबा, काका फाईट खेळत नाईत. ते काता करतात. एकट्यानंच कराचं असते ते, समोर कोणी नसते. त्याले वजन नाई लागत."

"कवापासून?"

"पयलेपासून. काका म्हणतात, मले कोणाले मारता येत नाई." बाजूला एक पिवळ्या पट्ट्याची मुलगी उभी होती, ती म्हणाली, "कालच्या सरावानंतर काकांनी चार समोसे खाल्ले." शिकवणारीनं तिला कोपर मारलं, पण समोसे माझ्या कानात गेले होते.

मी डबा मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसलो. डोक्यात पहिल्यांदा पोलीस आला. मग तो चमचा आला, मग वाटी, मग तीन पोळ्या. पाचशे पानांचा आचारी, आणि मला एका चमच्यानं फसवलं. अकरा महिने मी लेकीच्या घरी जेवलो होतो, आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. तो मधोमध आला, चारी बाजूंना वाकला आणि एकटाच लढू लागला. समोर हवा. मला हसू यायला हवं होतं. पण त्यानं दोन्ही हात पसरून एक हात कोपरापर्यंत ओढून घेतला, आणि मला पोळी दिसली. बैठक तीच, गुडघे तेच, नजर तीच. उचलली, झुलवली, लांबवली. शेवटी तो पोटातून ओरडला, आणि माझा हात आपोआप वाटी घ्यायला पुढं झाला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटाच असेन, ज्याला त्या आवाजानं भूक लागली.

त्या गटात तिघं होते. तो तिसरा आला. तिसऱ्यालाही पदक देतात. पंचांनी गळ्यात घातलं तेव्हा तो इतका खाली वाकला की ते घरंगळून खाली पडलं. मग मी त्याला दिसलो. माझ्या मांडीवरचा डबा दिसला. त्यानं शिकवणारीकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली, आणि त्याला सगळं कळलं. ऑटोत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो. डबा मधे होता.

घरी येताच मी शेगडी बांधायला घेतली. अल्लीपूरची सहाची बस होती. तो पदक गळ्यात तसंच ठेवून पेरूखाली येऊन उभा राहिला. वाकला नाही.

"तुमी मले फसवलं," मी म्हणालो. "अकरा महिने."

"हाव मामाजी," तो म्हणाला. "फसवलं."

कबूल करणाऱ्या माणसाशी भांडणं फार कठीण. मी सुतळी आवळत राहिलो. मग तो हळू म्हणाला, "वजनाचं खोटं होतं मामाजी. चवीचं नाई. तुमी खसखस कमी कराले सांगतली तवापासून लोक दुसरी वाटी मागतात."

पोरगी ड्यूटीवरून आलेली होती. दारात उभी राहून ऐकत होती. ती माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही नाही चढवला. म्हणाली, "जाचं असन त जा बाबा. निदान यायले, तुमच्या जवायाले, मोकळ्यानं जेवता येईन. अकरा महिने हे सोताच्या घरात लपून जेवले. कपाटाच्या आड बसून. स्टीलचं ताट वाजते, बाबाले ऐकू जाईन, म्हणून पत्रावळीवर."

मी म्हणालो, "नियम आहे बाई तो. माह्या बापापासून."

"मालूम आहे," ती म्हणाली. "तुमी ताट परत धाडलं का मी ते सैपाकघरात घेऊन उभी राहो. मले वाटे, एखादं लेकरू असतं त माह्या हातचं पाणी चाललं असतं बाबाले." एवढं बोलून ती आत गेली आणि कुकर लावला. भांड्यांचा आवाज रोजच्यासारखाच येत राहिला.

सहाची बस गेली. मी बांधलेल्या शेगडीवर बसून होतो. जावयानं गाडा लावला, चुलीपुढे वाकला, गिऱ्हाईक जमलं. रस्सा उकळल्याचा वास माझ्यापर्यंत आला आणि मला वासावरूनच कळलं की आज मीठ कमी आहे. पण त्या संध्याकाळी अकरा महिन्यांत पहिल्यांदा कोणी चमचा घेऊन माझ्याकडे आलं नाही. एक रोजचं गिऱ्हाईक म्हणत होतं, "आज काईतरी कमी वाटून राह्यलं भाऊ." जावई म्हणाला, "हाव, आज पाहणारं कोणी नव्हतं." तो ओरडलाही नाही. पोळ्या गुपचूप सोडवत होता. माझ्या जिभेच्या टोकाशी "चिमूटभर टाका" एवढे दोनच शब्द होते. ते मी गिळले, आणि त्या दिवशी मी तेवढंच गिळलं. डब्यातला शिरा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी उठलो. भिंतीवरच्या खिळ्याला पदक लागलं होतं. मी शेगडीची सुतळी सोडली नाही. तशीच उचलून पेरूच्या मागं कोपऱ्यात ठेवली. घरात गेलो. फळीवरचा पाट काढला, मीच पुसला आणि स्वयंपाकघरात भिंतीशी मांडला. बसताना गुडघे कडकड वाजले, अकरा महिने उभ्यानं काढलेले गुडघे. जावई चुलीपुढे बैठक मारून "इची, नी" करत होता, तो सानवर थांबला. सवयीनं त्याचा हात चमच्याकडे गेला. मी म्हणालो, "चमचा राहू द्या जवाई. ताट घ्या. दोन घ्या, कपाटाआड आता जागा नाई." पोरगी कामावर जायला निघाली होती, ती दारातच उभी राहिली. कालचं वरण होतं, दोडका होता आणि माझा शिराही होता, आम्ही तिघं खाऊन उरेल एवढा. बापाचा तांब्या मी खिडकीतून पेरूच्या आळ्यात रिकामा केला, आणि तो रिकामा तांब्या पोरीपुढे धरला.